घर विकणे आहे, भिंतीसकट

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्यानं काढली त्यानं स्वतःचं घर कधी विकलेलं नसावं. घर बांधताना माणसाला गवंड्याचा स्वभाव कळतो, लग्न करताना व्याह्यांचा. पण घर विकायला काढलं की स्वतःचाच कळतो. आणि हे ज्ञान फार उशिरा होतं. म्हणजे गुडघे गेल्यावर.

आमचे गुडघे २०१७ च्या सुमाराला गेले. 'आमचे' म्हणजे माझा उजवा आणि हिचे दोन्ही. आमचा फ्लॅट पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर, चोपन्न पायऱ्या. १९८४ साली तो घेतला तेव्हा तीन मजल्यांना लिफ्ट असावी असं बिल्डरच्या मनात आलं नव्हतं आणि आमच्याही नाही. उलट सगळ्यात वरचा मजला मिळाला म्हणून मी खूश होतो. डोक्यावर कोणी खलबत्ता कुटणार नाही, कोणाची पोरं गोट्या घरंगळवणार नाहीत. "आपल्या डोक्यावर फक्त आकाश!" असं मी तेव्हा सासुरवाडीला ऐटीत सांगितलंही होतं. आकाशातून पाऊस पडतो ही गोष्ट त्या आनंदात ध्यानात आली नाही.

तर २०१८ च्या फेब्रुवारीत घर विकायचं आणि लिफ्ट असलेल्या इमारतीत जायचं ठरलं. एजंट आला. तिशीतला चुणचुणीत मुलगा. डॉक्टरनं पेशंटच्या पोटावर बोटं आपटून पाहावीत तशा त्यानं भिंती वाजवून पाहिल्या आणि म्हणाला, "काका, घर छान आहे. फक्त ते घरासारखं दिसायला पाहिजे."

"चौतीस वर्षं राहतोय आम्ही यात," मी म्हटलं.

"तेच दिसतंय," तो म्हणाला.

मग त्यानं दुरुस्त्यांची यादी सांगायला सुरुवात केली आणि मी ती कागदावर उतरवून घेतली. तेवीस कलमं झाली. त्यातलं प्रत्येक कलम मला वर्षानुवर्षं माहीत होतं. फक्त ती दुरुस्तीची कलमं आहेत हे माहीत नव्हतं. मी त्यांना घराच्या सवयी समजत होतो. बाहेरच्या दाराची कडी लावताना दार जरा वर उचलावं लागे. स्वयंपाकघरातला खण आधी आत ढकलून मग बाहेर ओढला तर येई. बाथरूमचा दिवा लावायचा तर बाल्कनीचं बटण दाबावं लागे, आणि बाल्कनीचा दिवा कोणत्या बटणानं लागतो हे १९९६ च्या वायरिंगनंतर कोणालाच कळलेलं नव्हतं. नहाणीतला नळ अकरा वर्षं ठिबकत होता. त्याच्याखाली बादली असे, आणि त्या बादलीतल्या पाण्यावर हिनं बाल्कनीतला मोगरा पोसला होता. बाहेरचा माणूस आमच्याकडे मुक्कामाला आला की पहिला अर्धा तास आम्ही त्याला घर कसं चालवायचं ते शिकवत असू. घराला माणसांची सवय लागते असं म्हणतात. आमच्या घरानं आम्हाला त्याच्या सवयी लावल्या होत्या.

सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, रंगारी अशी फौज मार्चअखेरीला घरात शिरली आणि तेवीसपैकी बावीस कलमं चार दिवसांत उडाली. अकरा वर्षं ठिबकणाऱ्या नळाला वीस रुपयांचा वायसर लागला. काम सात मिनिटांचं. त्यातली चार मिनिटं प्लंबर पान्हा शोधत होता. पाचव्या दिवशी सकाळी मी सवयीप्रमाणे दार उचलून कडी लावायला गेलो तर दार जागचं हललं नाही, माझी कंबर मात्र हलली. ही स्वयंपाकघरात खण आत ढकलून ढकलून थकली. संध्याकाळी बाल्कनीचं बटण दाबलं तर चक्क बाल्कनीचाच दिवा लागला, आणि आम्ही दोघं त्याच्याकडे परक्या घरी आल्यासारखे बघत बसलो.

"अहो, हे सगळं आपण आधी का नाही केलं?" हिनं विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून मी पेपर उघडला.

तेविसावं कलम म्हणजे पश्चिमेकडच्या खोलीची भिंत. ती आईची खोली. आई १९८६ साली गावाहून आमच्याकडे आली ती शेवटपर्यंत, म्हणजे २००३ पर्यंत, त्याच खोलीत होती. पुण्याचा पाऊस पश्चिमेकडून येतो आणि वाटेत त्याला आमची ही भिंत लागते. शिवाय वर गच्ची. भिंतीला बाहेरून एक तिरपी भेग होती, गच्चीचा ढाळ पन्हळीकडे जाण्याऐवजी नेमका त्या भेगेकडे होता, आणि पन्हळीच्या सांध्यात पिंपळाचं एक रोप आलं होतं. पिंपळाला उगवायला माती लागत नाही. सोसायटीचा गाफीलपणा पुरतो. गवंडी आणला तर तो म्हणाला, "साहेब, मी पिंपळाला हात लावनार नाय. मुंजा असतोय. तुम्ही उपटा, मी भोक बुजवतो." मी बी. एस्सी. झालेला माणूस. अंधश्रद्धेवर मी कॉलेजात भाषणही केलं होतं. पण मी काही तो उपटला नाही. दर वर्षी शेंडा तेवढा खुडत राहिलो, आणि शेंडा खुडला की बाजूचे फुटवे जोरात वाढतात हे बी. एस्सी. झालेल्या माणसाला वेगळं सांगायची गरज नव्हती.

ओल आली तेव्हा पहिल्या पावसाळ्यात तिचा डाग साधारण नकाशातल्या गोव्याएवढा होता. पुढे त्यानं सगळं कोकण घेतलं आणि २००० च्या आसपास तो घाट चढून देशावर आला. रंगाचे पोपडे सुटत. भिंतीला लोणा लागून पांढरी भुकटी खाली पडे. आई रोज सकाळी ती केरसुणीनं गोळा करी आणि म्हणे, "अरे, माझ्या भिंतीला घाम आलाय." आषाढ लागला की ती आपली कॉट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून घ्यायची आणि दसऱ्याला परत मागे सरकवायची. पुढे पुढे तिच्यानं ओढवेना, तेव्हा मी ओढून द्यायचो. आणि दर वर्षी म्हणायचो, "या दिवाळीला करून टाकू."

मी अगदीच काही केलं नाही असं नाही. मी पत्रं लिहिली. गच्चीतून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चानं करायची असते, असं गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत स्पष्ट म्हटलंय. ते मी १९९१ पासून प्रत्येक वार्षिक सभेत वाचून दाखवत आलो. सभेच्या विषयपत्रिकेत 'गच्ची' हा विषय असायचा, 'आयत्या वेळचे विषय' याच्या जरासा आधी. तळमजल्यावरचे सभासद म्हणायचे, "आमच्याकडे तर काही गळत नाही." मधले दोन मजले तळमजल्याला दुजोरा द्यायचे. मग सेक्रेटरी मिनिट्समध्ये लिहायचे : 'तत्त्वतः मान्य.' त्यानंतर चहा. गच्चीवर कोबा घालायचा म्हणजे जुना थर फोडावा लागतो, विटांचे तुकडे सिमेंटमध्ये बसवून ढाळ काढावा लागतो, कडेच्या कोपऱ्यांना गोलाई द्यावी लागते आणि शेवटी पाणी साठवून, ते खाली उतरत नाही ना, हे काही दिवस पाहावं लागतं. तत्त्वांचा कोबा होत नाही. पण उपविधी वाचून दाखवला की मला आपलं कर्तव्य केल्यासारखं वाटायचं आणि मी घरी येऊन शांत झोपायचो. माझी खोली पूर्वेकडची.

तर रंगाऱ्यानं ती भिंत पाहिली. खरवडली. म्हणाला, "काळजी नको साहेब. लांबी भरून वरून प्लास्टिक पेंट मारतो. एप्रिल आहे, भिंत सुकलेली आहे. आरशागत दिसंल."

"आणि पावसाळ्यात?"

"जूनपत्तूर काय होत नाय," तो म्हणाला, आणि थोडं थांबून, "तवर जाईल की घर."

दोन दिवसांत भिंत खरोखरच आरशासारखी झाली. इतकी सुंदर, की ती भिंत सोडून बाकीचं घरच जुनं वाटायला लागलं. आणि त्या रात्री, चौतीस वर्षांत पहिल्यांदा, त्या भिंतीमुळे मला झोप लागली नाही. गळत होती तेव्हा मी घोरत होतो. कोरडी दिसायला लागली तेव्हा जागा!

घेणाऱ्याला सांगायचं की नाही? मी घरात मतदान घेतलं. मुलगा बंगलोरला असतो. तो फोनवर म्हणाला, "बाबा, आपण जुनी स्कूटर विकली तेव्हा ती चढावर बंद पडते हे सांगितलं होतं का?" नव्हतं सांगितलं, पण ज्यानं घेतली तो पलीकडच्या गल्लीतलाच होता आणि पुढली तीन वर्षं मी त्या गल्लीतून जात नव्हतो. एजंट म्हणाला, "काका, विचारलं तर बघू. न विचारता सांगणारा सेलर मी अजून पाहिला नाही." ही मात्र बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सांगायचंच होतं तर रंग कशाला दिला?"

बायकांचे प्रश्न असे असतात. त्यात तत्त्वज्ञान नसतं, म्हणून त्यांना उत्तर नसतं.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त वकील राहतात. (हेच ते, ज्यांच्याकडे काही गळत नाही.) त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कपाटातून १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा काढला आणि कलम ५५ माझ्यापुढे धरलं. कायदा असा : विक्रेत्याला माहीत असलेला, घेणाऱ्याला माहीत नसलेला आणि त्यानं सर्वसाधारण काळजी घेऊन पाहिलं तरी सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष विक्रेत्यानं स्वतःहून सांगितला पाहिजे. न सांगणं ही फसवणूक.

"म्हणजे डोळ्यांना दिसतो तो दोष सांगायला नको?" मी विचारलं.

"दिसतो तो बघायची जबाबदारी घेणाऱ्याची. दडलेला असेल तो सांगायची तुमची."

मी जिना चढता चढता हिशेब केला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मला दरदरून घाम फुटला. आणि तो गुडघ्यामुळे नव्हता. मार्चपर्यंत माझी भिंत उघडीवाघडी, पोपडे सुटलेली, कोणाही आंधळ्याला हातानं कळेल अशी होती. तेव्हा मी कायद्यापुढे संपूर्ण निर्दोष होतो. मग मी रंगाऱ्याला साडेनऊ हजार रुपये मोजले आणि दिसणाऱ्या दोषाचा दडलेला दोष करून घेतला. सज्जनातून लबाडात जायला माणसं फुकट जातात; मी पदरचे पैसे खर्चून गेलो.

माझ्याबरोबर सकाळी टेकडीवर एक तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक फिरायला येतात. त्यांना विचारलं. त्यांना असं काही कोणी विचारत नाही, त्यामुळे ते फार आनंदले आणि थेट रोममध्ये शिरले. हा प्रश्न म्हणे दोन हजार वर्षांपूर्वीच विचारून झालेला आहे. सिसेरो नावाच्या रोमन पंडितानं इसवी सनापूर्वी ४४ साली, अथेन्सला शिकत असलेल्या आपल्या मुलासाठी, कर्तव्यावर एक ग्रंथ लिहिला. त्यात घर विकणाऱ्या एका भल्या माणसाचं उदाहरण आहे. घर रोगट आहे, लाकूड कच्चं आहे, आणि सगळ्या खोल्यांतून साप निघतात; हे फक्त मालकाला ठाऊक. त्यानं ते सांगावं का? यावर डायोजेनिस नावाचा आचार्य आणि त्याचाच शिष्य अँटिपेटर यांचा वाद. ("पिंपात राहणारा डायोजेनिस तो हा नव्हे," प्राध्यापकांनी बजावलं. ते बरोबरच होतं. पिंपात राहणाऱ्याला ओलीचा प्रश्न कुठून येणार?) डायोजेनिस म्हणतो, घ्या म्हणून तुमच्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती, आणि 'रोगट घर विकणे आहे हो' अशी दवंडी पिटण्याइतका मूर्खपणा दुसरा कोणता? अँटिपेटर म्हणतो, न सांगणं म्हणजे वाट चुकलेल्याला वाट न दाखवणं. अथेन्समध्ये असं करणाऱ्याला जाहीर शाप असे. (हा शाप पुण्यात कधी लागू झाला नाही हे पुण्याचं भाग्य.)

"आणि सिसेरोचं मत?"

"अँटिपेटरच्या बाजूनं. सांगायला हवं होतं, असं."

मला जरा धाप लागली म्हणून आम्ही दगडावर टेकलो. तेव्हा प्राध्यापकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्याच वर्षी या सिसेरोनं एका मित्राला पत्रात कळवलंय, की माझी दोन दुकानं कोसळली, बाकीच्यांना भेगा पडताहेत, आणि भाडेकरूच काय, उंदीरसुद्धा घर सोडून गेले! मला त्या माणसाबद्दल एकदम आपुलकी वाटली. कर्तव्यावर ग्रंथ लिहायचा आणि भिंतीची भेग तशीच ठेवायची, ही आमचीच जात. आमच्या सोसायटीत तो सहज सेक्रेटरी झाला असता.

इतका सगळा शास्त्रार्थ होऊनही मी ठरवलं काय? तर विचारलं तर सांगायचं. मध्यमवर्गीय माणसाची सगळी नीती या 'तर' वर उभी असते.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात एक कुटुंब आलं. नवरा-बायको दोघं नोकरी करणारी, एक शाळकरी मुलगी आणि मुलाची आई. आई सत्तरीच्या पुढची, सातारकडची असावी. पायऱ्या मात्र माझ्यापेक्षा भराभर चढून आली. मुलानं नळ सोडून पाहिले, खिडक्या उघडून पाहिल्या, मोबाइलवर होकायंत्र काढून दिशा पाहिल्या. त्यानं जे जे विचारलं त्या सगळ्याला माझी प्रामाणिक उत्तरं होती. ओलीचं त्यानं विचारलं नाही. का विचारावं? एप्रिलच्या उन्हात पावसाची आठवण फक्त शेतकऱ्याला येते.

त्याची आई एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सावकाश फिरत होती. शेवटी ती पश्चिमेच्या खोलीत आली. खिडकीतून टेकडीचा तुकडा दिसतो तो तिनं पाहिला. मग त्या भिंतीशी गेली आणि तिच्यावर तळवा टेकवून उभी राहिली. माझ्या पोटात गोळा आला. पण भिंत कोरडी होती. रंगारी आपल्या शब्दाला जागला होता.

"या खोलीत कोण राहायचं हो, भाऊ?" तिनं विचारलं.

"माझी आई," मी म्हणालो. "सतरा वर्षं."

तिचा चेहरा एकदम निवळला. मुलाकडे वळून म्हणाली, "मग काय बघायचंय? आईला दिलेली खोली म्हणजे घरातली चांगलीच असणार. मी इथंच राहीन."

कायद्याचं कलम ५५, अथेन्सचा शाप आणि रोमचे साप यांनी जे झालं नव्हतं ते या एका वाक्यानं झालं. मी कॉटच्या कडेवर बसलो. म्हणालो, "मावशी, ही खोली चांगली नाही. ही भिंत गळते. वरून रंग दिलाय. जुलैत सगळी ओली होते, पोपडे पडतात. माझी आई सतरा वर्षं आषाढात कॉट पुढे ओढून झोपायची. तिनं मला सांगितलं होतं. मी काही केलं नाही."

खोलीत कोणी बोललं नाही. एजंट खिडकीतून टेकडी बघायला लागला. चौतीस वर्षांत त्या टेकडीकडे इतक्या एकाग्रतेनं कोणी पाहिलं नव्हतं. दारात ही उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

माझं मलाच नवल वाटलं ते याचं, की मी बोलायला लागलो ते भिंतीबद्दल आणि थांबलो ते दुसरीकडेच. घेणाऱ्याला मी जे सांगणं लागत होतो ते पहिल्या दोन वाक्यांत संपलं होतं. उरलेलं त्याचं नव्हतंच. पण ते ज्याचं होतं त्याला सांगायची काही सोय नव्हती. वकिलांकडून येताना मी सगळा हिशेब केला होता, एक सोडून. घर विकताना घेणाऱ्यासाठी १८८२ पासून कायदा आहे. घरात राहणाऱ्यासाठी तसं कलम नाही. आईला तो दोष माहीत होता, रोज दिसत होता, ती तो केरसुणीनं गोळा करत होती. तेव्हा कायद्यानं पाहिलं तर तिच्यापासून मी काहीच दडवलेलं नव्हतं. मी निर्दोष होतो. फक्त भिंत ओली होती.

मावशींनी भिंतीवरचा हात काढला. म्हणाल्या, "भाऊ, रंगाच्या वासाखाली मला ओलीचा वास मघाशीच आला होता. गावाकडं सगळा जन्म मातीच्या भिंतीत गेला. पण तुम्ही आईचं नाव घेतलं, मग म्हटलं आपलंच नाक म्हातारं झालं असेल."

त्यानंतरची हकिगत व्यवहाराची आहे. ते लोक गेले, आठ दिवसांनी परत आले आणि दोन लाख रुपये कमी देऊन घर घेतलं. एजंट जिन्यात मला म्हणाला, "काका, इतका महागाचा रंग मी आजवर बघितला नाही." त्याचं दोन टक्क्यांचं कमिशनही त्या प्रमाणात कमी झालं होतं, त्यामुळे तो बोलला ते योग्यच. हिनं मात्र दोन लाखांबद्दल चकार शब्द काढला नाही. बत्तीस रुपयांची कोथिंबीर घेतली म्हणून मला दोन दिवस ऐकवणारी बाई! रात्री एवढंच म्हणाली, "त्यांना आधी सांगितलं असतंत तर." 'त्यांना' म्हणजे नव्या लोकांना की आणखी कोणाला, हे मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी, म्हणजे २०१९ च्या उन्हाळ्यात, त्या इमारतीच्या गच्चीवर कोबा झाला. पिंपळही मुळासकट निघाला. मावशींनी त्याला नारळ वाढवून, तो कुंडीत काढून नदीकाठच्या देवळात नेऊन लावला. मुंजाचीही सोय झाली. ही बातमी मला खालच्या वकिलांनी फोनवर दिली. मी चकित झालो. सत्तावीस वर्षं उपविधी वाचून जे झालं नाही ते या मुलानं पहिल्याच सभेत कसं केलं?

"अहो, त्यानं उपविधी काढलाच नाही," वकील म्हणाले. "तो उभा राहिला आणि म्हणाला, माझी आई त्या भिंतीशी झोपते. बस. मग काय बोलणार? तळमजल्यानंसुद्धा हात वर केला."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तसाच बसलो. 'माझी आई त्या भिंतीशी झोपते.' काही अवघड वाक्य नव्हतं. मलाही पाठ होतं. पण ते सभेत म्हणायचं म्हणजे आधी स्वतःला ऐकू यायला हवं. मी कलमं म्हणत राहिलो, कारण कलमात आई येत नाही.

घर नीटनेटकं ठेवणं आणि घर दाखवण्याजोगं करणं यात मला आता थोडा फरक कळायला लागलाय. काम तेच, गवंडी तोच, रंगाचा डबाही तोच. फरक इतकाच की ते कोणासाठी करतो आहोत. पूर्वी दिवाळीला भिंतींना चुना द्यायचे, त्यात नीळ टाकायचे. तो चुना दर वर्षी द्यावा लागे, अंगाला लागे, पण त्यातून भिंत श्वास घेई. आतली ओल बाहेर पडून सुके. प्लास्टिक पेंट धुता येतो, चकाकतो आणि ओल आत कोंडून ठेवतो. मग ती एक दिवस पोपडा धरून बाहेर येते. हे मला रंगाऱ्यानं सांगितलं, रंग देऊन झाल्यावर.

आता आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो. लिफ्ट आहे. वर आणखी सहा मजले आहेत आणि डोक्यावर कोणी तरी रोज सकाळी खलबत्ता कुटतं. मला तो आवाज बरा वाटतो. म्हणजे वर पाऊस नाही. गेल्या महिन्यात रात्री दहा वाजता नहाणीतून टप् टप् आवाज आला. मी उठलो, दिवा लावला (बाथरूमचा, बाथरूमच्या बटणानं), नळ पाहिला आणि तिथल्या तिथं प्लंबरला फोन केला.

"अहो, उद्या सकाळी केला असता," ही अंथरुणातून म्हणाली.

"आत्ताच केलेला बरा."

ती उठून दारात आली. चष्मा लावला. माझ्याकडे जरा काळजीनंच बघून म्हणाली, "हेही घर विकायला काढलंय की काय?"

"नाही," मी म्हटलं. "राहायचं म्हणतोय."